फाटकाबाहेरचं बदक

ललिता ओव्हाळ यांना कोथरूडच्या त्या गल्ल्यांमध्ये सगळे पोस्टमनबाई म्हणत. खात्याच्या कागदांवर त्यांच्यासाठी दुसरा शब्द होता, पण तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. सदतीस वर्षं नोकरी झाली होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि डावा गुडघा जिने चढताना कुरकुरायला लागला होता. तरी रोज सकाळी येरवड्याहून स्कूटरवर निघून नवाच्या आत त्या टपाल कार्यालयात हजर असत.

त्या वाढल्या येरवड्यातच. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार, घरात पाच भावंडं, आणि पाचांनाही शाळा सोडायची मुभा नव्हती. बारावी झाल्यावर ललिताबाईंनी चार वर्षं टपाल खात्यात रोजंदारीवर बदली काम केलं, मग परीक्षा दिली आणि पास झाल्या. त्या कार्यालयात टपाल वाटायला आलेली पहिलीच बाई. तेव्हाचे पोस्टमास्तर भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, तुम्ही आत बसा, शिक्के मारा. उन्हातान्हात कुठे वणवण करता?"

"साहेब, परीक्षा मी पोस्टमनची दिलीय," ललिताबाई म्हणाल्या.

मग त्यांना टेकडीच्या बाजूचा सगळ्यात चढाचा भाग मिळाला. पहिल्या आठवड्यात सायकलवरून दोनदा पडल्या, एकदा कुत्रं चावलं. इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत गेल्या. पुढे एकदा एका नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं, पावसात भिजून पत्ता गेलेला, फक्त 'जोशी, कोथरूड' एवढंच उरलेलं. सगळे हसले. कोथरूडमध्ये जोशी शोधायचा म्हणजे कुठल्याही सोसायटीत शिरून हाक मारावी, तीन माणसं गॅलरीत येतात. ललिताबाई दोन दिवस कामाची वेळ संपल्यावर फिरल्या आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी नेमक्या त्याच जोशीच्या हातात पत्र दिलं. त्याला नोकरी लागली की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पत्र पोचलं, त्यांचं काम झालं.

तर अशा या बाईंच्या हातून फेब्रुवारीतल्या एका बुधवारी फाटक उघडं राहिलं.

फाटक होतं श्यामलाबाई दातारांच्या बंगल्याचं. आजूबाजूचे बहुतेक बंगले पाडून इमारती उठल्या होत्या, काही उठत होत्या. हा एक बैठा बंगला तेवढा शिल्लक होता. श्यामलाबाई पंचाहत्तरीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा आमोद बंगळूरला. घरात त्या आणि एक पांढरं बदक. तीन वर्षांपूर्वी नात तनया सुट्टीत आली, बाजारातून बदकाची दोन पिल्लं घेऊन आली आणि सुट्टी संपल्यावर पिल्लं आजीकडे टाकून गेली. एक मेलं. दुसरं वाढलं, मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीत पोहायला लागलं आणि मान ताठ ठेवून अंगणभर पाहणी करत फिरायला लागलं, म्हणून श्यामलाबाईंनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं.

फाटकाची कडी नुसती ओढून लागत नसे. फाटक जरा वर उचलायचं, मग दाबायचं, मग कडी टक्‌ करून बसायची. ललिताबाईंना हे अकरा वर्षं ठाऊक होतं. पण त्या दिवशी दारातून मासिक आत सरकवून त्या परतत होत्या, तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. नवीन पोस्टमास्तर, सौरभ, कुठल्याशा पार्सलबद्दल विचारत होता. बोलता बोलता त्यांनी फाटक ओढलं आणि स्कूटर पुढे काढली.

दहा मिनिटांनी गल्लीच्या टोकाला एका इमारतीतून बाहेर आल्या, तर रस्त्याच्या मधोमध हेडमास्तर चालत होता.

आपल्याला ती टक्‌ ऐकू आली नव्हती, हे ललिताबाईंना त्याच क्षणी आठवलं.

गल्ली पुढे पन्नास पावलांवर मोठ्या रस्त्याला मिळत होती. तिथे बस, रिक्षा, दुचाक्या, सगळा लोंढा. आणि अलीकडे चहाच्या टपरीपाशी चार कुत्री पसरलेली असायची. त्यातलं एक आत्ताच मान वर करून बघत होतं.

त्यांनी स्कूटर बाजूला लावली, टपालाची पिशवी खांद्यावर अडकवली आणि धावल्या नाहीत. लहानपणी कौशल्याआत्या वस्तीमागच्या डबक्यावर दहा-बारा बदकं पाळायची. संध्याकाळी ती घरी आणायचं काम ललिताचं. ती पाठीमागे धावली की आत्या ओरडायची, "अगं, धरायला जाऊ नको, चालवत आण. बदकाला घाबरवलंस की ते पाण्याकडंच पळणार!"

कुणाच्या तरी कुंपणापाशी छाटलेल्या फांद्या पडल्या होत्या. त्यांनी दोन लांबशा काठ्या उचलल्या, दोन्ही हात पसरले आणि मोठ्या रस्त्याच्या बाजूने वळसा घालून बदकाच्या पुढे गेल्या. कुत्र्याला एक दरडावणी दिली. बदक थबकलं, घसा बसलेल्या माणसासारखं काहीतरी पुटपुटलं आणि मागे वळलं.

"पोस्टमनबाई," वरून आवाज आला, "आता बदकंही घरपोच का?"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत यज्ञेश्वर आपटे उभे होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीत काय चाललंय याची नोंद घेणं हे त्यांचं पूर्णवेळ काम होतं.

"काका, दातारबाईंचं बदक आहे. जरा खाली येऊन त्यांचं फाटक धरता का?"

"त्या घरी नाहीत. फिजिओथेरपीला गेल्यात. आणि फाटक त्यांनीच उघडं टाकलं असणार. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून भाजीला गेल्या होत्या. थांबा, फोन करतो त्यांना."

ललिताबाईंनी तोंड उघडलं. फाटक माझ्याकडून राहिलं, एवढंच म्हणायचं होतं. पण बदक एका गाडीखाली शिरलं, त्या वाकल्या, आणि वर पाहिलं तोवर आपटे फोन कानाला लावून आत गेले होते. बोलायचं राहून गेलं. राहून गेलं की आपण राहू दिलं, हा प्रश्न त्यांना नंतर बराच वेळ कुरतडत होता.

गाडीखालून हेडमास्तरला काढायला पंधरा मिनिटं गेली. मग काठ्या आलटून पालटून पुढे करत, भिंतीच्या कडेकडेने, त्यांनी त्याला दातारांच्या बंगल्याच्या दिशेने आणलं. फाटक वीस पावलांवर राहिलं होतं. इतक्यात मागून पाण्याचा टँकर आला आणि ड्रायव्हरने कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला. बदक पंख फडफडवत रस्ता ओलांडून गेलं आणि समोरच्या बांधकामाच्या निळ्या पत्र्यांखालच्या फटीतून आत घुसलं.

ललिताबाई पत्र्याला वळसा घालून दारातून आत शिरल्या, तर जुना बंगला पाडून तिथे तळघरासाठी मोठा खड्डा खणलेला. दोन पुरुष खोल, एका कडेला ढासळलेल्या मातीचा उतार, आणि तळाला गुडघ्याच्या वर हिरवट पाणी. त्या पाण्यात हेडमास्तर निवांत पोहत होता. त्याच्या आयुष्यात त्याने एवढं पाणी पाहिलं नव्हतं.

"ओ मॅडम, आत यायला परवानगी नाही!" पत्र्याच्या खोलीतून सुपरवायझर बाहेर आला. विश्वजीत त्याचं नाव, तिशीतला, हातात डबा. "काम बंद आहे दोन दिवस. सळई आली नाही."

"परवानगी कोण देतं? त्यांना फोन लावा," ललिताबाई म्हणाल्या. "तोवर मला सांगा, खाली उतरायला शिडी आहे का?"

"शिडी आहे. पण पाण्यात पोहणारं बदक तुम्ही कसं धरणार?"

हे खरं होतं. पाण्यात बदकाशी कुणाचं काही चालत नाही. त्या कडेला उभ्या राहिल्या आणि खाली बघत राहिल्या. कोपऱ्यात एक जाड पाइप वर आलेला दिसला.

"हा पंप चालतो?"

"चालतो. पण सकाळ-संध्याकाळच लावतो. पाणी रस्त्यावर येतं, दुपारी लावला की समोरचे आपटे तक्रार करतात. मागे वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला होता त्यांनी. पान भरून."

ललिताबाई सरळ समोरच्या इमारतीचा जिना चढल्या. गुडघा दोनदा ठणकला. आपट्यांनी दार उघडलं.

"काका, पंप लावायचाय. तुमची हरकत नको."

"तोंडी सांगू की लेखी देऊ?" आपटे खवचटपणे म्हणाले.

"लेखी द्या."

आपटे खरोखरच आत गेले, पॅड काढलं आणि लिहून दिलं: 'आज दुपारपुरते पाणी सोडण्यास माझी हरकत नाही. हे नेहमीसाठी समजू नये.' खाली सही आणि तारीख.

तो कागद विश्वजीतच्या हातात पडला आणि पंप सुरू झाला. किती वेळ लागेल विचारल्यावर तो म्हणाला, दोन तास, कदाचित जास्त. मग मान हलवत म्हणाला, "एका बदकासाठी? बाजारात दुसरं मिळेल की, मॅडम."

"ते हरवलेलं बदक नाही," ललिताबाई म्हणाल्या. "ते पोचवायचं राहिलेलं बदक आहे."

पिशवीत अजून साठ-सत्तर पत्रं होती. ती सोडून दोन तास खड्ड्याच्या काठावर बसणं त्यांना जमणार नव्हतं, आणि बदकाला एकटं सोडणंही. पाणी उतरताना बिथरून ते पुन्हा वर चढलं आणि पत्र्याखालून निसटलं तर सगळंच मुसळ केरात. एवढा वेळ शेजारच्या इमारतीतली पूर्वा नावाची मुलगी कानाला हेडफोन लावून पत्र्याच्या दारात उभी होती. घरूनच आयटीचं काम करायची. ललिताबाई तिला पुस्तकांची पार्सलं आणून देत.

"काकू, मी थांबते ना," ती म्हणाली. "माझा कॉल म्यूटवर आहे, तसंही तिथे कोणी माझं ऐकत नाही. आय विल जस्ट वॉच हिम. वर आलं तर काय करू?"

"हात पसरून उभी राहा. ओरडू नको, धावू नको. त्या फटीसमोर बस, म्हणजे ते तिकडे येणारच नाही."

पूर्वा लॅपटॉप मांडीवर घेऊन फटीसमोर सिमेंटच्या पोत्यावर बसली. ललिताबाई स्कूटर काढून निघाल्या आणि पुढचे पावणेदोन तास त्यांनी टपाल वाटलं. एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नाही. मधे सौरभचा फोन आला.

"मॅडम, ॲपवर तुम्ही तासभर एकाच जागी दिसत होतात. काही प्रॉब्लेम?"

"माझ्या हातून एक चूक झालीय. ती निस्तरतेय. आल्यावर सांगते."

या बाईंच्या तोंडून चूक हा शब्द सौरभने पहिल्यांदाच ऐकला होता.

त्या परत आल्या तेव्हा अडीच वाजून गेले होते. खड्ड्यात पाणी उतरून नुसता चिखल राहिला होता आणि एका कोपऱ्यात परातीएवढं डबकं. हेडमास्तर त्या डबक्यात उभा राहून नाराजीने इकडेतिकडे बघत होता. ललिताबाईंनी चपला काढल्या, खाकी साडीचा ओचा वर खोचला, रिकामी पिशवी गळ्यात अडकवली आणि शिडीवरून उतरायला लागल्या. विश्वजीत पाठोपाठ आला.

"मी झडप घालतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही. पाय धरलास तर मोडेल. बदकाचे पाय काडीसारखे असतात. तू तिकडून ये, मी इकडून. हळू. अगदी हळू."

चिखल घोट्यांच्या वर होता. एकेक पाऊल ओढून काढावं लागत होतं. दोघांच्या मधे बदक मागे मागे सरकत होतं. चार हात अंतर राहिलं असताना ललिताबाईंचा पाय कशावर तरी घसरला आणि त्या डाव्या गुडघ्यावर आदळल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बदक फडफडत त्यांच्या बाजूने निसटलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं.

"मॅडम, सोडा आता," विश्वजीत त्यांना हात देत म्हणाला. "उद्या मजूर येतील, ते धरतील."

"उद्यापर्यंत इथे पाणी भरेल. आणि आज संध्याकाळी या खड्ड्यात कुत्री उतरतील." त्या उठल्या. साडी कमरेपर्यंत चिखलाने माखली होती. "चल. पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्यांदाही ते निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विश्वजीतला जागेवरच उभं केलं, दोन्ही काठ्या त्याच्या हातात आडव्या दिल्या आणि स्वतः एकट्या पुढे गेल्या. बदकाकडे पाहिलंच नाही. आत्या अशीच जायची, दुसरीकडेच बघत, जणू काही दुसरंच काम आहे. कोपऱ्याला पोचल्यावर त्या चिखलात बसल्या, दुखणारा गुडघा लांब केला आणि काही वेळ नुसत्या बसून राहिल्या. पंपाचा आवाज थांबला होता. बदकाने मान वाकडी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे नेले आणि त्याचे पंख अंगाशी दाबून धरले. त्याने एकदा जोर केला, मग गप्प झालं. तळव्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं, एवढंसं, पण किती वेगाने. ललिताबाईंना एकदम रडूच यायला लागलं. त्यांनी ते गिळलं आणि विश्वजीतला म्हणाल्या, "पिशवीचं तोंड उघड."

वर पूर्वाने टाळ्या वाजवल्या. समोरच्या गॅलरीतून आपट्यांचा आवाज आला, "पंप बंद झाला का? मग माझा कागद परत द्या."

हेडमास्तर टपालाच्या पिशवीतून मान बाहेर काढून दातारांच्या फाटकापर्यंत आला. ललिताबाई लंगडत होत्या. फाटक सताड उघडं होतं आणि श्यामलाबाई पायरीवर बसल्या होत्या, हातात फोन, चेहरा उतरलेला. बदक दिसताच त्या उठल्या, पिशवीतून त्याला घेतलं आणि छातीशी धरलं. त्याला मागच्या अंगणात सोडून परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "आपट्यांनी मला सांगितलं, तिथे चिखल आहे, घरीच थांबा म्हणाले. तुम्ही एवढा त्रास घेतलात. आणि माझं बघा. फाटकसुद्धा लावता येत नाही मला आता."

"बाई..."

"थांबा, बोलू द्या. आमोद वर्षभर मागे लागलाय, बंगळूरला चल म्हणून. आई, तू विसरतेस, एकटी राहू नकोस. मी दाद देत नव्हते. मघाशी त्याला फोन केला आणि म्हटलं, बरोबर आहे तुझं, मी येते. घर बिल्डरला द्यायचं तर देऊन टाक. चुकून गॅस चालू राहिला तेव्हा मी स्वतःला समजावलं. पण हे जिवंत जनावर आहे हो. त्याचं काही झालं असतं तर?"

ललिताबाई तिथेच पायरीवर टेकल्या.

"बाई, फाटक तुम्ही नाही उघडं टाकलं. मी टाकलं. अकरा वाजता मासिक द्यायला आले होते, तेव्हा कडी नीट बसली नाही. फोनवर बोलत होते. मला लगेच कळलं होतं. आपटेकाका तुमचं नाव घेत होते तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प बसले."

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

"तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"म्हणजे मी जाताना लावून गेले होते."

"कडी टक्‌ बसलेली होती. मीच काढली."

श्यामलाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. मग कठोरपणे म्हणाल्या, "चार तास मी स्वतःला वेडी समजत होते. सकाळीच सांगायला हवं होतंत."

"हो. सांगायला हवं होतं."

"आत या. पाय धुवा. गुडघ्याला बर्फ लावते." आणि आत जाता जाता त्यांनी फोन लावला. "आमोद? मघाशी जे बोलले ते विसर. नाही, नाही, मी ठीक आहे. विसरते मी, गॅसचं खरंय, त्याचं काय करायचं ते बघू. पण त्यासाठी घर सोडणार नाही. शेगडी बदल हवं तर."

ललिताबाई साडेचारला कार्यालयात पोचल्या. सौरभने त्यांचा अवतार पाहिला, सकाळपासून काय झालं ते ऐकलं आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, उशिराबद्दल लेखी खुलासा घ्यावा लागेल मला. वरून विचारतील. काहीतरी लिहा, स्कूटर बंद पडली वगैरे."

त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं: 'माझ्या निष्काळजीपणामुळे एका घराचे फाटक उघडे राहून पाळीव बदक बाहेर गेले. ते पकडून परत केले. सर्व टपाल आजच वाटले आहे.'

सौरभने दोनदा वाचलं. "हे असंच पाठवू?"

"असंच पाठव."

त्या कागदाचं पुढे काही झालं नाही, कुणी विचारलंही नाही. गुडघा मात्र संध्याकाळपर्यंत नारळाएवढा सुजला. घरी यजमान सुखदेव यांनी हळद-तेल गरम केलं आणि म्हणाले, "रजा टाक चार दिवस. पाच महिन्यांसाठी कोण मेडल देणार आहे तुला?"

रजा त्यांनी टाकली, पण दोनच दिवसांची. शनिवारी त्या परत कामावर गेल्या, जिने हळू चढल्या, आणि आपट्यांच्या दारात रजिस्टरवर सही घेताना आपटे म्हणाले, "तुम्ही दातारबाईंना खरं सांगितलंत म्हणे. आता मला त्यांची माफी मागावी लागली. सत्तर वर्षांत दुसऱ्यांदा."

"पहिल्यांदा कुणाची मागितलीत?"

"ते तुम्हाला कशाला?" आपटे म्हणाले, सही केली आणि दार लावून घेतलं. ललिताबाई पिशवी सावरून पुढच्या मजल्याकडे निघाल्या.